मामांच्या छातीतलं पाणी

जगात जे काही आहे ते एक तर पाणी आहे, नाही तर पाण्याच्या वाटेत आलेला अडथळा आहे, असं आमच्या मामांचं ठाम मत आहे. माणसं, जनावरं, भिंती, लग्नाचे मांडव, सरकार, सगळे या दुसऱ्या गटात. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. माजलगावच्या धरणाच्या कालव्यावर ते पाटकरी होते. कोणाच्या शेताला कधी आणि किती पाणी सोडायचं ते बघायचं, हे त्यांचं काम. नोकरीने त्यांना मोकळं केलं, पाण्याने मात्र अजून केलेलं नाही. कोणाच्याही घरी गेले की ते चहा बशीत ओततात, बशी टेबलावर ठेवतात आणि डोळे बारीक करून बघत बसतात. चहा कोणत्या काठाला जास्त चढला त्यावरून घराची फरशी कुठे कलली आहे ते सांगतात. माझ्या आत्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी भर पंगतीत सांगितलं होतं, "फरशी दाराकडं उतरती पाहिजे, तुमची देवघराकडं उतरती हाय. उद्या देव पाण्यात बसतील." आत्याचे यजमान अजून त्यांच्याशी तुटक बोलतात. मी नंतर गुपचूप फरशीवर गोटी ठेवून बघितली. ती दाराकडे गेली नाही आणि देवघराकडेही गेली नाही, स्वयंपाकघराकडे गेली. म्हणजे मामा चुकले होते, पण पूर्ण चुकले होते असंही म्हणता येईना. त्यांच्या बाबतीत माझं नेहमी असंच होतं.

थोरल्या मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा सगळी मंडळी बैठकीत बसली आणि मामा उठून परसात गेले. मुलीकडच्यांना वाटलं पाहुण्यांना मोकळं व्हायचं असेल, म्हणून सगळ्यांनी भल्या माणसांसारखी तोंडं फिरवली. मामा मोरीचं सांडपाणी कुठे जातं ते बघत होते. परत आले ते खुशीत. "सांडपाणी सोताच्या आळवाच्या वाफ्यात सोडलंय. शेजाऱ्याच्या दारात न्हाई. आपल्याकडून सोयरीक पक्की." मुलगी त्यांनी त्यानंतर बघितली. परतताना जीपमध्ये मामींनी विचारलं, "अवो, मला बघायला आलतात तवा आमचं सांडपाणी कुठं जात होतं ते न्हाई बघितलं?" मामी आमच्या पाटोद्याकडच्या, दुष्काळी भागातल्या. मामा म्हणाले, "तुमच्याकडं पाणीच न्हवतं. बघणार काय?" मामींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की चिडल्या होत्या, ते मला शेजारी बसूनही कळलं नाही. सून मात्र चांगली निघाली, त्यामुळे सांडपाण्याच्या परीक्षेवर मामांचा विश्वास आणखी वाढला.

माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. वडील मेंढरांमागे, आई शेतात. बीडला एक्स-रेच्या कोर्सला माझा नंबर लागला तेव्हा सोबत कोण जाणार, असा प्रश्न पडला. मामा स्वतःहून आले, इस्त्रीचा सदरा घालून. ऑफिसातल्या बाईंनी "पालक कोण?" म्हणून विचारलं तेव्हा पालक पाण्याच्या कूलरखाली वाकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "मी हाय. पण म्याडम, तुमचा हा नळ गळायलाय, अन् गळणारं पाणी भिंतीत मुरायलंय. पोरगी तीन वर्सं हितं शिकणार, तवर ही भिंत टिकंल का?" मला वाटलं आता प्रवेश रद्द होतो. बाई मात्र उठून आल्या, त्यांनीही वाकून बघितलं, आणि दोघांचं भिंतीविषयी बराच वेळ बोलणं झालं. मी कागद छातीशी धरून उभी होते.

गावात मामांनी सांगून टाकलं की भाची डॉक्टर व्हायलीय. मी म्हटलं, "मामा, डॉक्टर न्हाई. मी फक्त फोटो काढायला शिकतेय. वाचायचं काम डॉक्टरचं."

"काढता येतो अन् वाचता येत न्हाई, असं कसं? मी पाणी सोडायचो अन् मोजायचोबी."

आम्हाला शिकवतात थोडंफार, कुठे काय दिसतं ते. पण 'दिसतं' आणि 'आहे' यात फार अंतर असतं, असंही शिकवतात. हे अंतर मामांना कधी मान्य नव्हतं. मी सुट्टीला गेले की लोक पिशवीतून एक्स-रे घेऊन यायचे, आणि माझ्या हातात पडायच्या आधीच मामा तो उन्हाकडे धरायचे. पांढरं दिसलं ते पाणी, काळी दिसली ती कोरडी जमीन, हा त्यांचा नियम. बरगड्या म्हणजे कालव्यातून निघालेल्या चाऱ्या. मधलं काळीज म्हणजे धरण. एका खोकणाऱ्या म्हातारीला त्यांनी सांगितलं, "आक्का, तुमच्या समद्या चाऱ्या काठोकाठ भरून वाहायल्यात." म्हातारी समाधानाने घरी गेली. आमच्या जिल्ह्यात चाऱ्या भरल्या म्हटल्यावर कोणाला वाईट वाटणार? तिच्या एक्स-रेमध्ये मला तरी काही वावगं दिसलं नव्हतं. पण तेही मी खात्रीने सांगू शकत नव्हते, म्हणून मी तिच्यामागे पळत जाऊन एवढंच म्हटलं की, आक्का, डॉक्टरलाच दाखव.

मग मामांनाच धाप लागायला लागली. आधी आमच्या लक्षात आलं नाही, कारण मामा चालताना बोलतात आणि बोलताना थांबतात, ही त्यांची जुनीच सवय. पण आता ते वाक्याच्या मधे थांबायला लागले. कालव्याच्या भरावावर चढताना अर्ध्यात उभे राहून लांब कुठेतरी बघितल्यासारखं करायचे. मामी म्हणाल्या, "तिकडं बघण्यासारखं काय बी न्हाई. दम लागलाय यांना." रोज थोडा ताप यायचा, आणि ते उजव्या कुशीवरच झोपायचे. शेवटी माजलगावला एक्स-रे काढला. चक्कर येत होती म्हणून त्यांना झोपवून काढला. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "छातीत पाणी झालंय असं वाटतंय. बीडला जा."

नेमकी मी तेव्हा आजोळी होते. मामांनी अंगणात उभं राहून एक्स-रे उन्हाकडे धरला. एक बाजू काळीभोर होती. दुसरी सगळी करडी, वरपासून खालपर्यंत, आणि त्यातून बरगड्या पुसट दिसत होत्या. मामा हसले. "पाणी म्हणे! पाणी असंल तर रेघ कुठंय? धरणात पाणी किती हाय ते कशावरनं कळतं? रेघंवरनं. हे धुकं हाय. ऊन पडलं की जाईल."

आणि ते खरोखर उन्हात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. अंगणात खुर्ची, उघडी छाती, तोंड सूर्याकडे. गावातला त्यांचा जुना दोस्त येऊन म्हणाला, "काय बे, पापड व्हायलास का?" मामा डोळे न उघडता म्हणाले, "धुकं घालवायलोय."

मी खूप प्रयत्न केला. पाण्याची बाटली अर्धी भरून आणली. उभी धरली की पाणी खाली बसतं, रेघ दिसते. आडवी केली की तेच पाणी बाटलीच्या लांबीभर पसरतं. "फोटू काढताना तुमी आडवे होतात मामा. पाणी पाठीकडं पसरलं, म्हणून समदं करडं दिसतंय. रेघ म्हणून दिसत न्हाई." एवढं बोलले आणि मला वाटलं, जमलं. मामांनी बाटली हातात घेतली, उभी केली, आडवी केली, आणि अगदी प्रेमाने विचारलं, "हे मला शिकवतीस व्हय? बाटलीचं खरंय. पण बाटलीला फुफ्फुस असतं का?"

नसतं. मी बाटली मोरीत रिकामी केली. मामी बाटलीच्या भरीला पडल्या नाहीत. त्यांनी पिशवी भरली, दाराला कडी घातली आणि म्हणाल्या, "तुमी उन्हात बसा. मी अन् पोरगी बीडला जाऊन तुमचं पाणी काढून आणतो." मामा मुकाट एसटीत बसले.

बीडच्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टर मॅडम होत्या, वयाने तरुण, आवाज शांत. त्यांनी मामांना उभं करून दुसरा एक्स-रे काढायला लावला. या फोटोत वरचा भाग काळा स्वच्छ होता आणि खाली पांढरं साचलेलं होतं. ते पांढरं मधे खोलगट आणि कडेला, बरगड्यांच्या बाजूने, वर चढत गेलेलं होतं. पुस्तकात असतं अगदी तसंच. मला भीती वाटायला हवी होती, पण एक क्षण बरं वाटलं की, हे मला ओळखता आलं. लगेच त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

मामांनी एक्स-रे बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा. धुकं गेलं का न्हाई? अन् म्याडम, हे पाणी न्हाईच."

"का बरं काका?"

"पाणी कवा चढून बसतं का? पाणी सपाटीनंच बसणार. सगळी जिंदगी पाण्यात गेली माझी. हे कडंला चढलंय. हे दुसरं काय तर हाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याच दवाखान्याच्या कोर्सची विद्यार्थिनी. मी सांगायला सुरुवात केली की पाणी फुफ्फुसाच्या भोवती असतं, चारी बाजूंनी वेढून, आणि कडेला आपण त्याच्या जाडीतून आरपार बघतो म्हणून तिथं ते चढलेलं दिसतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि मला मार्कही मिळाले होते. पण मामांच्या डोळ्यांकडे बघत सांगताना माझ्या लक्षात आलं की मला ते पाठ आहे, कळलेलं नाही. मी मधेच थांबले. मामा म्हणाले, "सांग की." मी म्हटलं, "एवढंच हाय."

मॅडमनी सोपं करून सांगितलं. पाणी काढून तपासल्याशिवाय ते कशामुळे झालंय ते कळणार नाही. ते कळल्याशिवाय औषध ठरवता येणार नाही. आणि ते तसंच राहिलं तर फुफ्फुस दबत जाईल, मग उघडायला जड जाईल. सुईने काढता येतं, जागा बधिर करून. सोनोग्राफी करून जागा बघून घेऊ. मामींनी लगेच मान डोलावली. मामांनी डोलावली नाही, पण ते उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, झालं.

त्यांना स्टुलावर बसवलं, हात पुढच्या टेबलावर ठेवायला लावले. समोर भिंतीवर उजेडाच्या पेटीत एक्स-रे लावलेला. मॅडम पाठीमागे गेल्या आणि त्यांनी उजव्या बाजूला बोट ठेवलं. मामा ताडकन उभे राहिले.

"म्याडम! पाणी डावीकडं, अन् तुमी उजवीकडं कावून टोचायलात?"

एक्स-रेमध्ये पांढरं खरंच आमच्या डाव्या हाताला होतं. मॅडम म्हणाल्या, "काका, फोटोतली डावी बाजू म्हणजे तुमची उजवी." मामांनी माझ्याकडे बघितलं. फोटोच्या बाबतीत त्या खोलीत त्यांच्या विश्वासाचं दुसरं कोणी नव्हतं. "तू सांग पोरी. खरं सांग."

हे मला पक्कं येत होतं. पहिल्याच महिन्यात शिकवतात. "मामा, असं समजा की फोटोतला माणूस आपल्याकडं तोंड करून उभा हाय. समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या हाताला येतो का न्हाई?"

"येतो. पण मी कुठं तोंड करून उभा होतो? मला तर छाती फोटूच्या पाटीला टेकवून, मशीनकडं पाठ करून उभा केलता. मग हा फोटू पाठीमागनं काढल्याला. पाठीमागनं बघितलं तर माझं डावं ते डावंच."

मॅडमनी मान डोलावली. कारण ते बरोबर होतं. फोटो पाठीमागूनच काढतात. काळीज पाटीजवळ यावं आणि फार मोठं दिसू नये, म्हणून. काढतात पाठीमागून आणि लावतात समोरून बघितल्यासारखा. असं का, हे मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "तशी पद्धत हाय मामा. समदे डॉक्टर तसंच लावतात."

"म्हंजे तुमी फोटू उलटा लावता, अन् मी उलटं बोलायलोय म्हणता?"

"तिथं इंग्रजी एल लिहिलंय बघा, आपल्या उजवीकडं. एल म्हंजे डावं. तुमची डावी बाजू ती."

"ती चिठ्ठी कुणी डकवली?"

"...आमच्यातल्याच कोणीतरी."

"मग?"

मला आता माझा स्वतःचा उजवा हात कोणता, तेही आठवेना. मी जेवायचा हात मनात धरून बघितला. मामांनी सदरा अंगात घालायला घेतला. "कोरड्या बाजूला टोचून घेऊ का मी?" ते हळू म्हणाले, आणि तेव्हा मला कळलं की ते हुज्जत घालत नव्हते. ते घाबरले होते. एवढा मोठा माणूस, ज्याने भांडणाऱ्या शेतकऱ्यांच्या मधे उभं राहून चाऱ्या बंद केल्या, तो एका सुईला आणि एका उलट्या फोटोला घाबरून एक बाही घालून उभा होता. सोनोग्राफीत आधी बघून घेऊ, मॅडम म्हणाल्या. मामा म्हणाले, "एका मशीननं उलटं सांगितलं, दुसरं कशावरनं सुलटं सांगंल?" मामी दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातली पिशवी घट्ट आवळली गेली होती.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मशीन बाजूला राहू दिलं. म्हणाल्या, "बरं काका, फोटो राहू द्या. तुमच्या कानांवर तर विश्वास आहे ना?" त्यांनी मामांच्या पाठीवर डाव्या बाजूला एक बोट आडवं ठेवलं आणि दुसऱ्या बोटाने त्यावर टकटक केलं. पोकळ आवाज आला. मग उजवीकडे, खालच्या बाजूला. तिथं आवाज बसका आला, दगडावर वाजवल्यासारखा.

मामांनी मान तिरकी केली. "पुन्यांदा वाजवा."

मॅडमनी पुन्हा वाजवलं. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मामा डोळे मिटून ऐकत होते. "हितनं वर पोकळ हाय," ते म्हणाले, "अन् हितनं खाली भरलंय." मग मला म्हणाले, "तू वाजव." मी वाजवलं. खरं सांगायचं तर मला दोन्हीकडचा आवाज सारखाच वाटला. मामांनी मान वळवून विचारलं, "आलं का ध्यानात?" मी म्हटलं, "न्हाई." ते म्हणाले, "असू दे. मला आतून कळलं." त्यांनी बाही काढली, सदरा माझ्या हातात दिला आणि स्टुलावर बसले. मामी म्हणाल्या, "आता तरी गप बसा." ते बसले.

सोनोग्राफी झाली आणि पाणी निघालं, उजवीकडूनच, पिवळसर, गवताच्या रंगाचं. मामांनी बाटली उजेडात धरून बघायची परवानगी मागितली. बराच वेळ बघून म्हणाले, "गाळ न्हाई. निवळ हाय." मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि त्यांनाच नवल वाटल्यासारखं दाराकडे बघितलं. तपासणीत टीबी निघाला. औषधं सुरू झाली. मामी रोज गोळ्या तळहातावर ठेवायच्या आणि मामा गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

आता मी त्याच दवाखान्याच्या एक्स-रे विभागात शिकाऊ म्हणून उभी असते. औषधांचा कोर्स संपला तेव्हा मामा पुन्हा आले, बारीक झालेले, गालफडं आत गेलेली. आमचे सर म्हणाले, "तुझे मामा ना? तूच घे फोटो." मी मामांना पाटीसमोर उभं केलं, हनुवटी वर टेकवली, दोन्ही खांदे पुढे घेऊन हात पाटीभोवती ठेवले. पाठीमागून ते कोणाला तरी मिठी मारून उभे आहेत असे दिसत होते. मी काचेच्या आड गेले.

"मामा, मोठा श्वास घ्या. घ्या अजून. धरा."

बटण दाबलं आणि पडद्यावर फोटो आला. खूप काही मोकळं झालं होतं. पण मामांच्या उजवीकडचा खालचा कोपरा, जिथं बरगड्या आणि छातीखालचा श्वासपडदा टोकदार मिळायला हवेत, तिथं अजून बुजलेला होता. थोडं पाणी राहिलंय, की जुन्या दुखण्याने तिथं चिकटून गेलंय? दोन्ही असंच दिसतं. मी जवळ जाऊन बघितलं, लांब होऊन बघितलं. मला कळत नव्हतं. मॅडमना कदाचित कळेल, नाही तर पुन्हा सोनोग्राफी करावी लागेल. हा कोपरा आता असाच राहिला तर मामांना भरावावर एका दमात चढता येईल का, तेही कळत नव्हतं.

काचेतून बघितलं तर मामा अजून तसेच उभे होते. उघडी पाठ, वर आलेल्या खांद्याच्या पात्या, जराही हालचाल नाही. मी 'सोडा' म्हणायचं विसरले होते.

"मामा! सोडा की!"

त्यांनी श्वास सोडला आणि खोकत खोकत खुर्चीवर बसले. मी पळत बाहेर गेले. "एवढा वेळ कशाला धरला?"

"तू सोड म्हणली न्हाईस."

त्यांनी सदरा घेतला. बटणं लावायला त्यांना आता वेळ लागतो. शेवटचं बटण लावता लावता ते हळूच म्हणाले, "अजून जरा धरता आला असता मला."

मला तसं वाटत नव्हतं. मी हो म्हणाले.